चौघींच्या आठ

निमोणे, ता. शिरूर
आश्विन पौर्णिमा होऊन आठवडा झाला

तीर्थस्वरूप साळूआक्का यांना धाकट्या भावजयीचा, म्हणजे सुरेखाचा, वाकून जयभीम. दाजींनाही जयभीम सांगावा. तुमचा गुडघा कसा आहे? मागच्या वेळी दिलेलं निर्गुडीचं तेल संपत आलं असेल तर काळजी करू नये, दुसरी बाटली भरून ठेवली आहे, तीच घेऊन येईल (ती म्हणजे कोण, ते पुढे येईलच). दाजी रिटायर झाल्यापासून खाटेवर बसून रेल्वेगाड्या मोजतात असं ऐकलं. इकडे तुमचे बंधूही ठीक आहेत. ओट्यावर खुर्ची टाकून पेपर पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत वाचतात, आणि चहा झाला की शेवटच्यापासून पहिल्यापर्यंत. तुमचा भाचा नागसेन रांजणगावला कंपनीत शिफ्टला जातो. माझी वंदना रोज चुकत नाही आणि खर्चाची वही रोज लिहिली जाते, त्यामुळे मन आणि घर दोन्ही जागेवर आहे, असं मला पौर्णिमेपर्यंत वाटत होतं.

फोन न करता पत्र का, असं तुम्ही म्हणाल. फोनवर तुम्ही दुसऱ्याच वाक्याला मला थांबवता, आणि हे सगळं दुसऱ्या वाक्यात संपणारं नाही. शेजारच्या मंदाचा भाऊ तुमच्या केडगावला चालला आहे, त्याच्या हाती देते म्हणजे टपालाचं तिकीटही वाचतं. आणि खरं कारण असं की दोन गोष्टी तुमच्यापर्यंत आधीच पोचल्या असणार. एक, सुरेखामुळे विहारात भंतेजी उपाशी उठायची वेळ आली. दोन, सुरेखाने स्वतःच्या सुनेला खोलीत कोंडून ठेवलं. आक्का, मी रोज पंचशील घेते आणि त्यातलं चौथं शील खोटं न बोलण्याचं आहे, म्हणून लिहिते की दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत. फक्त त्या सांगणाऱ्यांनी कशातून काय झालं ते सांगितलं नसणार.

आपली सून रश्मी पुण्याच्या कंपनीचं काम घरी बसून करते हे तुम्हाला माहीत आहे. तिचं काम म्हणजे कंपनीचे सर्व्हर चालू आहेत की बंद पडले ते बघत बसायचं. बंद पडला की फोन करायचा. फोन केला की दुसरा कोणीतरी येऊन तो सुरू करणार आणि शाबासकी त्याला मिळणार. तिला तो दुसरा कोणीतरी व्हायचं होतं. त्यासाठी कंपनीतच मुलाखत होती, कॉम्प्युटरवर समोरासमोर बसून द्यायची. हुकली तर पुढची संधी वर्षभराने. आणि मुलाखतीचा दिवस निघाला नेमका आश्विन पौर्णिमेचा, वेळ सकाळी अकराची. भंतेजींचा पावसाळ्यातला वर्षावास संपतो, विहारात भंतेजींना भोजनदान असतं, गावातली सगळी आपली माणसं जेवायला असतात. दरवर्षी तिकडे चपात्यांना रश्मीच उभी असते. मी तिला शब्द दिला की त्या दिवशी तू विहाराकडे फिरकायचं नाहीस, आणि घरातून कोणी तुला हाक मारणार नाही. ती नुसती हसली. तिला माझे शब्द माहीत आहेत.

मुलाखतीची तयारी म्हणून ती मला धडे देऊ लागली. तिचं म्हणणं, जे आईला समजावता येतं ते साहेबाला समजावता येतंच (यात माझा मान होता की अपमान, ते मी विचारलं नाही). एक धडा होता हायपरथ्रेडिंगचा. नावाला घाबरू नका, मीही आधी घाबरले होते. सर्व्हर म्हणजे एक मोठा कॉम्प्युटर, त्यात काम करणारे बरेच असतात, त्यांना कोअर म्हणतात. रश्मीने माझ्यासाठी त्यांच्या स्वयंपाकिणी केल्या. त्यांना कामं वाटून देणारी ती ऑपरेटिंग सिस्टीम, तिला आम्ही मुकादम ठरवलं. आता स्वयंपाकीण डाळ चुलीवर ठेवते आणि उकळी येईपर्यंत उभी राहते. हात रिकामे. म्हणून कोअर बनवणाऱ्यांनी युक्ती काढली की एकाच स्वयंपाकिणीने मुकादमापुढे दोन नावांनी हजेरी लावायची. मुकादमाला दोघी दिसतात, तो दोघींना कामं देतो. पहिल्या नावाचं काम उकळीसाठी थांबलं की तेच हात दुसऱ्या नावाचा कांदा चिरतात. चौघी असतील तर मुकादमाच्या यादीत आठ दिसतात.

आक्का, मी मॅट्रिक झालेली बाई, आयुष्यभर पिशवीभर साखरेत दोन सण बसवत आले. चौघींच्या आठ होतात हे ऐकल्यावर माझं काय झालं असेल ते तुम्हीच जाणा. आणि तुमची आठवण झाली. माझ्या लग्नानंतर तुम्ही पहिल्यांदा बाळंतपणाला आलात तेव्हा माझ्या एका हातात पाळण्याची दोरी आणि दुसऱ्या हातात चुलीची फुंकणी दिली होतीत. तेव्हा मला तुम्ही कडक वाटलात. आता कळलं, तुम्ही काळाच्या पुढे होतात.

धड्याचा उरलेला अर्धा भागही रश्मीने सांगितला. पण मी त्याच वेळी मेथी निवडत होते. म्हणजे ऐकणं हे एक काम आणि मेथी हे दुसरं. मेथी उत्तम निवडली गेली. ऐकण्यातलं एवढंच उरलं की आयडल म्हणजे रिकामा बसलेला, आणि मुकादम शहाणा असावा लागतो. मुकादम शहाणा असावा हे मला नव्याने शिकवायची गरज नव्हती, कारण यंदा भोजनदानाच्या स्वयंपाकाची मुकादम मीच होते.

विहाराशेजारची पत्र्याची शेड तुम्हाला आठवत असेल. मागच्या वर्षी तिथं इतक्या बायका घुसल्या की तेल सांडता सांडता राहिलं. म्हणून भिमाजी मामांनी (ते आता कमिटीचे अध्यक्ष आहेत) नियम केला की शेडमध्ये आठ जणींपेक्षा जास्त कोणी जायचं नाही. आठ बिल्ले केले, ज्यांच्या छातीवर बिल्ला त्यांनीच आत. बिल्ले त्यांनी माझ्या हाती दिले. आता रश्मी सोडली तर नेहमीच्या स्वयंपाक करणाऱ्या बायका आठच आहेत, सरळ एकेकीला एकेक द्यायचा. पण मला हायपरथ्रेडिंग आलेलं होतं. मी चौघींना दोन दोन बिल्ले दिले. यादीतसुद्धा लिहिलं, अपेक्षा एक, अपेक्षा दोन, मंदा एक, मंदा दोन. भिमाजी मामा यादी बघून म्हणाले, “सुरेखाबाई, ह्या चारच दिसत्यात.” मी म्हटलं, मामा, सर्व्हरला आठ दिसतात. त्यांनी यादी परत दिली. मला वाटलं पटलं.

पहिला फायदा मला असा दिसला की चार जणींचाच चहा करावा लागेल. दुसरा फायदा लिहायला नको वाटतं, पण शील आडवं येतं. बाहेर राहिलेल्या चौघींची पुढारी होती भागुबाई, आणि भागुबाई दरवर्षी माझ्या भाजीतलं मीठ काढते, म्हणजे कमी पडलं नाहीतर जास्त झालं म्हणते. मी तिला बिल्ला न देता म्हटलं, तुम्ही वडीलधाऱ्या, यंदा सतरंजीवर बसा, आराम करा. ती बसली. पण आराम करायला बसली नाही, बघायला बसली.

पौर्णिमेला सकाळी वंदना झाली, भंतेजी पाच जण आले, चुली पेटल्या. भंतेजी दुपारी बारानंतर अन्न घेत नाहीत हे तुम्हाला सांगायला नको. बाराला पाच मिनिटं असताना पात्रात पडलं तर दान, बारा वाजून गेले तर नुसता स्वयंपाक. मी यादीप्रमाणे कामं वाटली, वरून खाली, ओळीने. मंदाच्या वाट्याला भात आणि वरण आले. हे मात्र झकास जमलं. भात वाफेवर, तोवर वरणाला फोडणी, अगदी धड्यातल्यासारखं. मी मनात स्वतःला नमस्कार केला. पण अपेक्षा एकला चपात्या लाटायला दिल्या होत्या आणि अपेक्षा दोनला चपात्या भाजायला. त्या पोरीने लाटायला घेतलं की तव्यावरची काळी पडायची, भाजायला घेतलं की पोळपाटावरची वाळायची. भागुबाईच्या सुनेला खीर आणि भजी. खीर हलवायची थांबली की बुडाला लागते, भजी बघायची थांबली की करपतात. दोन्हीला हात लागतात आणि हात तिला दोनच. खिरीला भज्यांचा वास आणि भज्यांना खिरीची घाई, असं चाललं होतं.

चौथी मी. सुरेखा एकला बटाट्याची भाजी होती आणि सुरेखा दोनला देखरेख. मी देखरेख फार मनापासून केली. दर दोन मिनिटांनी प्रत्येकीजवळ जाऊन विचारत होते, झालं का, किती राहिलं, काही हवं का. प्रत्येक वेळी ती हात थांबवून मला उत्तर द्यायची, आणि तेवढ्यात तिचं काहीतरी जळायचं. शेवटी अपेक्षा म्हणाली, “काकू, तुमी इचारलं न्हाई तर लवकर हुईल.” आणि सुरेखा एकच्या भाजीचं काय, तर ती पातेल्यात शांतपणे आटत होती.

बाहेर सतरंजीवर चार धडधाकट बायका मांडी घालून बसल्या होत्या. एकीने तर चुंबळ करून डोक्याखाली घेतली. भागुबाई पदराने वारा घेत मोठ्याने म्हणाली, “आमी रिकाम्याच हाय म्हनावं. आमाला काय, भंतेजी उपाशी गेल्यावर पोचवाया जाऊ.” मी ऐकलं नाही असं दाखवलं. घड्याळाकडे बघितलं तर अकरा वाजून गेलेले, चपात्या एका टोपलीच्या तळाला, खीर बुडाला. मंदा म्हणाली, रश्मीवहिनीला बोलवा, ती आली की चपात्या होतील, आणि हे चौघींच्या आठचं तिनंच शिकवलंय तर सोडवू द्या तिलाच. सगळ्या माझ्याकडे बघायला लागल्या. मी निघाले. घर जवळच आहे, पण त्या दिवशी ते फार जवळ वाटलं. दिलेला शब्द मोडायला जाताना वाट लांब असावी.

ओट्यावर तुमचे बंधू पेपर घेऊन बसले होते. म्हणाले, जेवण झालं का? मी तशीच आत गेले. अपेक्षाची कणीक चाचपून पिठाचे झालेल्या हातांनी रश्मीच्या खोलीचं दार थोडं ढकललं. ती दाराकडे पाठमोरी, पडद्यावर एक साहेब (ते सांगलीकडचे, म्हणून निम्मं बोलणं मराठीत चाललं होतं). साहेबांनी विचारलं, सगळे कोअर दुप्पट दिसत असतील तर ऑपरेटिंग सिस्टीम काम कसं वाटते? आणि माझी सून सांगू लागली. आधी तिला कळलं पाहिजे सर, की कोणती दोन नावं एकाच कोअरची आहेत. तेच कळलं नाही तर एका कोअरवर दोन जड कामं पडतात आणि शेजारचा अख्खा कोअर आयडल राहतो. म्हणून आधी प्रत्येक आयडल कोअरला एकेक काम, कोणी मोकळं उरलं नाही की मगच दुसरं. साहेब म्हणाले, आणि सॉफ्टवेअर आठच कोअरवर चालवायचं लायसन्स असेल तर? रश्मी म्हणाली, मोजायचे कोअर, नावं नाही. नाहीतर चार कोअरच आठचं लायसन्स खाऊन बसतात आणि बाकीचे बाहेर. साहेब म्हणाले, आणि रिकाम्या नावाने काय करायचं? रश्मी म्हणाली, झोपायचं सर. ते काम आहे का, काम आहे का म्हणत फिरत राहिलं तर शेजारच्या नावाची ताकद फुकट जाते.

आक्का, माझ्या साडीला दोन बिल्ले लावलेले होते. मी ते बघितले. आयुष्यात पहिल्यांदा कोणी माझी चूक इतक्या सविस्तर सांगितली, तीही माझ्याकडे न बघता, पगारवाढीसाठी.

तेवढ्यात पडद्याच्या कोपऱ्यात तिला मी दिसले असावे. तिचा आवाज अडखळला. तिने मान वळवली नाही, पण पाठ ताठ झाली. मला माहीत आहे ती पाठ, ती उठायच्या आधीची पाठ आहे. हाक मारली असती तर ती आली असती, मुलाखत सोडून आली असती, आणि वर मला बोललीही नसती. मी हळूच दार ओढून घेतलं. आणि माझ्यामागून अपेक्षा नाहीतर मंदा तिला बोलवायला येईल म्हणून बाहेरून कडी लावली.

मग मी धावले (या वयात, पौर्णिमेच्या पांढऱ्या साडीत, ते दृश्य गावाने बघितलं आहे, त्याचं वर्णन तुम्हाला कोणीही देईल). सतरंजीपाशी जाऊन भागुबाईला म्हटलं, बाई, आत चला, माझं चुकलं. ती म्हणाली, “बिल्ला कुठाय? बिल्ल्याबिगर कसं यायचं? नेम हाय.” मी आधी माझा जास्तीचा काढून तिच्या पदराला लावला, मग आत जाऊन बाकीच्या तिघींचे काढून आणले. आठ बिल्ले, आठ बायका. खीर भागुबाईला दिली, तिने बुडाला हात न लावता वरची वर दुसऱ्या पातेल्यात काढून घेतली, आणि तिच्या सुनेकडे भजीच राहिली. लाटायला सतरंजीवरच्या दोघी, भाजायला अपेक्षा. त्यांच्यातल्या चौथीने माझी आटलेली भाजी ताब्यात घेतली. मी देखरेख सोडली आणि कोपऱ्यात गप्प काकडी चिरत बसले. भिमाजी मामा दारात उभे राहून मोजत होते, आता आठच दिसत्यात म्हणाले. पाचही भंतेजींच्या पात्रात बाराच्या आत पडलं. पुण्यानुमोदन झालं. वडील भंतेजींनी खिरीचं कौतुक केलं, आणि भागुबाईने माझ्याकडे बघितलं. तिने मीठ काढलं नाही. खिरीत ते काढता येत नाही म्हणून असेल.

पंगती बसल्या, उठल्या, तुमचे बंधू पहिल्या पंगतीला येऊन दोन वेळा खीर घेऊन गेले. भांडी घासताना भागुबाई म्हणाली, “सून कुठाय तुजी? जेवली का ती?” आणि माझ्या हातातली परात पडली. कडी.

रश्मीने मला फोन केले होते, पण माझा फोन घरी पिठाच्या डब्यावर. नागसेनला केला, तो शिफ्टवर, त्याने वडिलांना लावला, आणि ते विहारात फोन बंद ठेवतात. मी कडी काढली तेव्हा ती जमिनीवर बसून बिस्किटं खात होती. मी बोलायला तोंड उघडलं तर तीच म्हणाली, “आई, कडी लावली ते बरं केलंत. तुमचे पिठाचे हात दिसले, मला कळलं तिकडं काहीतरी बिघडलंय. साहेब दहा मिनिटं थांबा म्हणाले तेव्हा मी उठलेच होते यायला. दार उघडेना म्हणून परत बसले, आणि दुसरी फेरी त्याच बसण्यात झाली.” आता सांगा, याला कोंडणं म्हणायचं का. मी विसरले होते हे खरं, पण विसरण्यानेही कधीकधी शब्द पाळला जातो, एवढं समाधान मला असू द्या.

असो. माझी फजिती तुम्हाला हसायला पुरेल अशी आशा आहे. दाजींची काळजी घ्यावी, गुडघ्याला ऊन द्यावं. लहानांना आशीर्वाद, तुम्हाला पुन्हा जयभीम.

तुमची,
सुरेखा

ता. क. रश्मीची निवड झाली, हे लिहायचं राहिलं. आता आठवड्यातून तीन दिवस तिला हडपसरच्या ऑफिसात जावं लागेल. निमोण्याहून रोज जाऊन येणं जमणारं नाही. तुमच्या केडगावहून रेल्वे थेट हडपसरला जाते, आणि तुमची मागची खोली मोकळी आहे असं नागसेन म्हणतो. तेवढे दिवस तिला तुमच्याकडे राहू द्याल का? पत्र एवढ्यासाठीच लिहायला घेतलं होतं, पण विचारायला धीर होईना म्हणून आधी भोजनदान लिहिलं. तेलाची बाटली तिच्याच हाती पाठवते.

ता. क. दुसरा. लहान तोंडी मोठा घास होतो, पण लिहिते. ती सकाळी गाडीला जायच्या आधी आणि संध्याकाळी आल्यावर तुम्हाला मोकळी दिसेल. ऑफिसची एक रश्मी आणि घरातली एक रश्मी अशा दोन दिसतील. आक्का, ती एकच आहे. मला हे कळायला दोन बिल्ले आणि एक पातेलं खीर लागली. तुम्ही माझ्याहून हुशार आहात, तुम्हाला पत्रावरूनच कळेल.

ता. क. तिसरा. हे वाचून तुमचे बंधू विचारत आहेत, मग त्या तीन दिवसांत इथली कणीक कोण मळणार? ते हे ओट्यावरून विचारताहेत, पेपर खाली न ठेवता. मी त्यांच्यापुढे परात ठेवली आहे. दाजींची रेल्वेगाड्या मोजायची वेळ कोणती, ते मात्र कळवा, परात तुमच्याकडेही असेलच.